फवाऱ्याचा डबा आणि ग्राहकाची विवेकबुद्धी

सृष्टीच्या रक्षणाविषयी प्रवचन झाले की मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एक प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो : "फादर, आमच्या एका घराने साबण बदलला, पिशवी बदलली, म्हणून जगाचे काय बदलणार आहे?" असे विचारणारे भाविक आळशी नसतात आणि श्रद्धाहीनही नसतात. हातातील पैसे, घरातील माणसे आणि महिन्याचा हिशेब यांचा मेळ घालता घालता त्यांची दमछाक झालेली असते. अशांना नुसता उपदेश पुरत नाही. सृष्टीला अपाय न करणारी वस्तू सामान्य माणसांनी आपणहून निवडली असे इतिहासात कधी घडले आहे काय, घडले असल्यास ते कशामुळे घडले आणि कोठे येऊन अडले, याचा शोध घेऊनच त्यांना उत्तर द्यावे लागेल. असे एकदा घडले आहे. ते घडले अमेरिकेत, १९७४ ते १९७८ या चार वर्षांत, आणि त्याला निमित्त झाला स्नानगृहातील एक क्षुल्लक डबा. ती हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

निरुपद्रवी म्हणून आलेला वायू

हकीकतीचा आरंभ एका चांगल्या हेतूपासून होतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील घरांत फ्रिज येऊ लागले. त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मेथिल क्लोराइड असे विषारी वायू खेळवलेले असत. नळीला गळती लागली तर माणसे दगावत. या संकटावर उपाय म्हणून जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतील थॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी यांनी १९२८ साली क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचा वायू शोधून काढला. हा वायू विषारी नव्हता आणि पेटतही नव्हता. १९३० साली शास्त्रज्ञांच्या एका सभेत मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने जळती मेणबत्ती विझवून दाखवली. पुढे 'फ्रेऑन' या व्यापारी नावाने तो जगभर गेला. आपल्या लिखाणात त्याला 'सीएफसी' म्हणण्याचा प्रघात आहे.

दुसऱ्या महायुद्धात दूरच्या रणभूमीवर सैनिकांना मलेरियाने ग्रासले, तेव्हा अमेरिकी कृषिखात्यातील संशोधकांनी याच वायूच्या दाबाने कीटकनाशक उडवणारा डबा तयार केला. युद्ध संपले आणि डबा घरात आला. १९४९ साली रॉबर्ट ॲबप्लानाल्प या तंत्रज्ञाने त्याला स्वस्त आणि भरवशाची झडप बसवली. त्यानंतर केसांना लावण्याचे द्रव्य, घामाचा वास घालवणारे औषध, रंग, लाकडाला चकाकी आणणारे तेल, सारे काही फवाऱ्यातून बाहेर पडू लागले. १९७३ सालापर्यंत एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे ३ अब्ज डबे खपत होते. जगातील सीएफसीचा सुमारे निम्मा वापर त्या एका देशात होता, आणि त्यातील मोठा हिस्सा या डब्यांत जात होता.

गुणच दोष ठरला

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत शेरवूड रोलंड हे प्राध्यापक होते. मारिओ मोलिना हा तिशीचा मेक्सिकन तरुण त्यांच्या हाताखाली संशोधनास आला होता. हवेत सोडलेल्या सीएफसीचे पुढे होते काय, एवढाच साधा प्रश्न या दोघांनी घेतला. हा वायू कशाशीच संयोग पावत नाही आणि पावसातही विरघळत नाही. अर्थात तो नष्ट होत नाही. वर्षानुवर्षे तरंगत तो वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचतो. तेथील प्रखर अतिनील किरणांनी तो फुटतो आणि त्यातून क्लोरिनचे अणू सुटे होतात. असा एकेक अणू ओझोनच्या सुमारे एक लाख रेणूंचा नाश करू शकतो. ओझोनचा तो विरळ थर सूर्याच्या अतिनील किरणांना अडवून धरतो, म्हणून पृथ्वीवर जीवसृष्टी सुखाने नांदते. तो क्षीण झाला तर त्वचेचे कर्करोग वाढतील, डोळ्यांत मोतीबिंदू होतील, पिकांना अपाय होईल. जून १९७४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या निरुपद्रवीपणाचे मेणबत्ती विझवून कौतुक झाले होते, तोच सर्व उपद्रवाचे मूळ ठरला.

ओझोनचा ऱ्हास तोवर कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. होते ते कागदावरील गणित. तरीही वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ते घरोघरी पोहोचवले. 'ऑल इन द फॅमिली' या लोकप्रिय मालिकेच्या १९७४ सालच्या एका भागात तरुण नवरा-बायकोच्या वादात केसांवर मारायचा फवारा आणि जन्माला यायचे मूल यांचा संबंध जोडला गेला. उद्योगधंद्यांनी अर्थातच आक्षेप घेतला. ड्यू पाँट या सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीने १९७५ साली वृत्तपत्रांत मोठी जाहिरात देऊन कळवले की, विश्वसनीय पुरावा मिळाल्यास आम्ही उत्पादन थांबवू. पुरावा मिळेपर्यंत धंदा चालू ठेवावा, असा त्याचा दुसरा अर्थ होता.

ग्राहक मात्र पुराव्यासाठी थांबले नाहीत. बाया-बापड्यांनी दुकानात फवाऱ्याच्या डब्याऐवजी बोटाने दाबायच्या पंपाची बाटली उचलली, किंवा अंगाला चोळायची कांडी घेतली. जून १९७५ मध्ये ऑरेगन राज्याने सीएफसीच्या फवाऱ्यांवर बंदीचा कायदा केला. त्याच महिन्यात एस. सी. जॉन्सन या घरगुती वस्तूंच्या कंपनीने आपल्या सर्व डब्यांतून सीएफसी काढून टाकण्याची घोषणा केली आणि डब्यांवर तसे छापले. धंद्यातील इतरांना ते रुचले नाही, परंतु जॉन्सन यांचे गिऱ्हाईक तुटले नाही. १९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने रोलंड आणि मोलिना यांचा निष्कर्ष मूलतः खरा असल्याचे सांगितले. संघराज्याच्या सरकारने अनावश्यक फवाऱ्यांतील सीएफसीवर बंदी आणली ती १९७८ साली. तोवर अशा डब्यांचा खप निम्म्याहून अधिक घसरला होता. कायदा आला तेव्हा लोक त्याच्या पुढे निघून गेले होते.

लोक का बदलले?

या घटनेची कारणे नीट उलगडून पाहिली तर आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते.

पहिले कारण म्हणजे संकट जवळचे वाटले. वातावरणाचे थर कोणाला दिसत नव्हते, पण त्वचा प्रत्येकाला होती आणि मुलेबाळे पुष्कळांना होती. सृष्टीवरील प्रेमाआधी स्वतःच्या लेकरांची काळजी जागी झाली. याला आम्ही कमी लेखत नाही. परमेश्वराने माणसाच्या ठायी घातलेले वात्सल्य हेच पुष्कळदा त्याला व्यापक कर्तव्याकडे घेऊन जाते.

दुसरे कारण असे की, अपराध आणि अपराधाचे साधन यांतील अंतर नाहीसे झाले. प्रदूषण म्हटले की आपण कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवतो. येथे ते बोट स्वतःच डब्याची कळ दाबत होते. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्यास जागा उरली नाही.

तिसरे कारण सर्वांत व्यवहारी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. पर्याय त्याच फळीवर, त्याच किमतीत किंवा स्वस्तात हजर होता. फवारा हवाच असेल तर प्रोपेन आणि ब्युटेन यांसारखे वायू सीएफसीहून स्वस्त पडत होते. ज्यांनी पहिली झडप बनवली त्या ॲबप्लानाल्प यांनीच १९७७ साली नव्या वायूंना जुळणारी नवी झडप बनवली. ग्राहकाला कशाचाही वियोग सोसावा लागला नाही, केवळ हात थोडा बाजूला न्यावा लागला.

चौथे कारण विश्वास. एका उत्पादकाने स्वच्छ शब्दांत छापून सांगितले, विद्वानांच्या संस्थेने दुजोरा दिला, आणि ग्राहकाला स्वतः रसायनशास्त्र शिकावे लागले नाही.

केवळ माहिती पुरेशी नसते, याचा दाखला ब्रिटनने दिला. तेच संशोधन, तीच भाषा, तरीही तेथील दुकानांत सीएफसीचे फवारे आणखी दहा वर्षे सुखाने विकले जात होते. १९८८ साली 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या संघटनेने बहिष्काराची हाक दिली, युवराज चार्ल्स यांनी आपल्या घरात असे फवारे वापरण्यास मनाई केल्याचे जाहीर केले, आणि मग मोठ्या उत्पादकांनी १९८९ अखेरपर्यंत सीएफसी सोडण्याचे मान्य केले. चौदा वर्षे माहिती उपलब्ध होती. कमी पडली होती ती विचारणा.

सोपा त्याग आणि निजलेले मन

येथपर्यंतची कथा उमेद देणारी आहे. पण आम्हांस अधिक शिकवून जातो तो हिचा उत्तरार्ध.

फवारे गेले आणि अमेरिकेतील ग्राहकाला वाटले, काम झाले. वास्तविक तोच वायू त्याच्या स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये, मोटारीच्या वातानुकूलन यंत्रात आणि बसण्याच्या गादीच्या फेसात होता. तेथे त्याला हात लावण्यास कोणी पुढे आले नाही. फ्रिज सोडणे म्हणजे दूध, औषध आणि उरलेले जेवण सोडणे. फवारा सोडणे सोपे होते म्हणून सोडला, फ्रिज सोडणे अवघड म्हणून त्याचा विचारच सोडला. परिणामी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या मध्यास जगाचे सीएफसी उत्पादन पुन्हा चढून जुन्या पातळीवर आले. मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला वसंत ऋतूत मोठे खिंडार पडत असल्याचे जाहीर केले. कागदावरचे गणित आकाशात उतरले होते, आणि ते गणितापेक्षाही भयंकर होते.

सोपा त्याग केला की मनाला समाधान लाभते, आणि समाधान पावलेले मन निजते. पापनिवेदनाच्या आसनात बसणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना ही अवस्था अपरिचित नाही. उपवासाच्या काळात जे फारसे आवडतच नव्हते ते सोडून आपण कृतार्थ होतो. ग्राहकाच्या विवेकबुद्धीचेही तसेच झाले.

पुढचे काम राष्ट्रांना करावे लागले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. कालांतराने जगातील प्रत्येक राष्ट्राने त्यावर संमतीची मोहोर उमटवली. १९९५ साली रोलंड, मोलिना आणि पॉल क्रुट्झेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मोलिना आणि क्रुट्झेन हे दोघेही पुढे व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले, ही गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक असावी. त्याच अकादमीचे सदस्य वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ साली दाखवून दिले की सीएफसी हे पृथ्वीचे तापमानही वाढवतात. अमेरिकेस जाण्यापूर्वी हे तमिळ तरुण सिकंदराबादच्या एका फ्रिज कारखान्यात नोकरीस होते, आणि वायूची गळती थांबवणे हेच त्यांचे तेथील काम होते.

जर्मनीतील सत्तर हजार फ्रिज

फ्रिजच्या बाबतीत ग्राहकाने मग काहीच केले नाही काय? केले, पण त्यासाठी कोणीतरी त्याच्यासमोर पर्याय उभा करावा लागला.

सीएफसीला पर्याय म्हणून मोठ्या रसायन कंपन्यांनी 'एचएफसी' जातीचे वायू पुढे आणले होते. ते ओझोनला अपाय करत नव्हते, परंतु उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त समर्थ होते. जर्मनीत डॉर्टमुंडच्या आरोग्यसंस्थेतील शास्त्रज्ञांनी दुसरी वाट दाखवली. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचेच प्रोपेन आणि ब्युटेन फ्रिजमध्ये खेळवता येतात, आणि तेही सिगारेटच्या दोन-तीन लायटरांत मावतील इतकेच लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. मोठे कारखानदार स्फोटाची भीती दाखवत राहिले.

१९९२ साली सॅक्सनीतील शारफेनश्टाइन या गावचा जुना फ्रिज कारखाना बंद पडण्याच्या बेतात होता. पूर्व जर्मनीची राजवट कोसळली होती आणि तेथील कामगारांच्या डोक्यावर बेकारीची तलवार टांगली होती. ग्रीनपीस संघटनेने या कारखान्याकडून असे १० नमुने बनवून घेतले आणि लोकांना आवाहन केले की, असा फ्रिज हवा असेल तर आगाऊ मागणी नोंदवा. सुमारे ७०,००० मागण्या आल्या. जो फ्रिज अजून कोणाच्याही शेजाऱ्याच्या घरी चालू झालेला नव्हता, त्यासाठी सत्तर हजार घरांनी शब्द दिला. कारखाना तगला आणि मार्च १९९३ मध्ये पहिला फ्रिज बाहेर पडला. या तंत्राचे एकस्व घेऊन ते कोंडून ठेवले गेले नाही, म्हणून ज्या कारखानदारांनी भीती दाखवली होती त्यांनीही ते लवकरच स्वीकारले. आज जगात नव्याने तयार होणारे बहुसंख्य घरगुती फ्रिज याच जातीचे असतात. शारफेनश्टाइनची ती कंपनी मात्र १९९६ साली दिवाळखोरीत गेली. पेरणाऱ्याच्या वाट्याला कापणी येतेच असे नाही.

ती वाट आपल्याकडेही आली. मुंबईच्या गोदरेज कंपनीने हायड्रोकार्बन वायूवर चालणारे फ्रिज बनवले आणि २०१२ साली प्रोपेनवर चालणारी वातानुकूलन यंत्रेही बाजारात आणली. वाचकांनी आपल्या फ्रिजच्या पाठीवरील पट्टी पाहावी. तेथे 'आर-६००ए' असे छापलेले आढळले तर त्या जर्मन घरांनी दिलेला शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला आहे असे समजावे.

मडके आणि तारे

आपल्या देशात ग्राहकाला अशी निवड करता यावी म्हणून सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' हे चिन्ह सुरू केले. साबण, कागद, रंग अशा रोजच्या वस्तूंसाठी ते होते, आणि चिन्ह होते मातीचे मडके. याहून सुंदर आणि देशी चिन्ह क्वचितच सुचले असते. तरीही ते चिन्ह फारच थोड्या वस्तूंवर उमटले. उत्पादकाला त्यासाठी पर्यावरणाचे आणि दर्जाचे असे दोन्ही निकष पार करावे लागत, आणि दुकानात मडके मागणारा कोणी नव्हता. २०२४ साली नव्या नियमांनिशी ही योजना पुन्हा उभारण्यात आली.

याउलट २००६ साली विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांची पट्टी आली, ती आज लहान मुलालाही वाचता येते. २०१० पासून ती ठरावीक फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांवर सक्तीची झाली. तारे जास्त म्हणजे वीजबिल कमी, हा अर्थ गृहिणीने क्षणात ओळखला. मडके तिच्या सद्भावनेशी बोलत होते, तारे तिच्या हिशेबाच्या वहीशी. फवाऱ्याच्या कथेतील तिसरे कारण येथे पुन्हा भेटते. सद्भावना असते, परंतु तिला पाय ठेवायला पायरी लागते.

यावरून माणूस स्वार्थीच आहे असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. गृहिणीचा हिशेब हा तिच्या मुलांच्या शाळेचा आणि सासू-सासऱ्यांच्या औषधांचा हिशेब असतो. तोही प्रेमाचाच एक प्रकार आहे. सृष्टीप्रेम आणि हा हिशेब यांना एकमेकांविरुद्ध उभे न करता एकत्र आणणे, हे शास्त्रज्ञ, उत्पादक आणि शासन यांचे कर्तव्य आहे. ते आपले काम करीत नसतील तर त्यांना विचारणे हे आपले.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी १९९० च्या शांतिदिन-संदेशात ओझोनच्या ऱ्हासाचा स्पष्ट उल्लेख केला होता आणि आपली राहणी तपासून साधेपणा अंगीकारण्यास सांगितले होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या विश्वपत्रात वस्तू विकत घेणे ही केवळ आर्थिक कृती नसून नैतिक कृतीही असल्याची जाणीव करून दिली. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' मध्ये ग्राहकांच्या बहिष्कारामुळे उद्योगांना आपली रीत बदलावी लागते हे नोंदवले, ओझोनरक्षणाच्या कराराचे यश सांगितले, आणि त्याच पत्रात वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या हव्यासाबद्दल इशाराही दिला. सोप्या त्यागाचे कौतुक आणि अवघड त्यागाची आठवण, दोन्ही तेथे एकत्र आहेत.

येथे एक सावधगिरीही सांगणे अगत्याचे आहे. हिरवे चिन्ह असलेली वस्तू घेतली म्हणजे पुण्य विकत मिळाले असे नव्हे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक गरीब घरे तेलाचा डबा धान्यासाठी वापरतात, मोठ्याचा सदरा धाकट्याला बेतून शिवतात, पंखा दुरुस्त करून वीस वर्षे चालवतात. त्यांच्या वस्तूंवर कोणी चिन्ह लावत नाही. सृष्टीचे हिशेब मांडताना ती घरे पुष्कळ श्रीमंत घरांच्या पुढे असतील.

आता त्या चर्चच्या आवारातील प्रश्नाकडे वळतो. एका घराने काय होणार? १९७५ साली पंपाची बाटली उचलणाऱ्या कोणा एकीमुळे ओझोन वाचला नाही. परंतु तिच्यासारख्या अनेकींमुळे एका कंपनीला धीर आला, कंपनीमुळे सरकारला, आणि अशा सरकारांमुळे पुढे जगाला. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, आजची धोरणे टिकली तर ओझोनचा थर बहुतेक जगात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० सालच्या पातळीवर येईल. ज्यांनी कळ दाबण्याचे सोडले त्यांतील पुष्कळजण तो दिवस पाहण्यास नसतील. त्यांची नातवंडे उन्हात खेळतील, आणि त्यांना त्या डब्याची गोष्ट ठाऊकही नसेल.

म्हणून आमची विनंती एवढीच. सोपे असेल ते आजच करा आणि त्यावर थांबू नका. दुकानात दोन शब्द विचारा : यात कोणता वायू आहे, हे दुरुस्त होते काय. जुना फ्रिज भंगारात देताना त्यातील वायूचे काय होणार, हेही विचारा. पहिल्यांदा दुकानदार गोंधळेल. दहाव्या गिऱ्हाइकाने विचारले की तो आपल्या घाऊक व्यापाऱ्याला विचारील. अमेरिकेत आणि जर्मनीत याहून निराळे काही घडले नव्हते. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बागेची मशागत करण्यास आणि तिची राखण करण्यास ठेवले आहे. राखणदाराने निदान विचारपूस तरी करावी.